आज गाणं नको

बारा चाळीसला स्पीकर आधी खोकतो.
तो खोकला माझाच, म्हणजे मी जोडलेल्या वायरीचा.
एकवीस वर्षं या शाळेचे दिवे, नळ, घंटा
आणि छपरावरचा बर्फ मी सांभाळतो.
मुलं मला कुनिएदा-सान म्हणतात,
घाईत असली तर नुसतं "शिडी!"

मग पाचवीतली सुझुनो
माइकला जवळजवळ चावत सांगते,
"आजचं जेवण: भात, मुळ्याचं सूप, दूध.
आजचं गाणं..."
आणि नाव यायच्या आत
तिन्ही मजल्यांवर काड्या हवेत थांबतात.

सात आठवडे एकच गाणं.
पेटीत चिठ्ठ्या पन्नास, नाव एक.
इतकं घाईचं गाणं
की शब्द एकमेकांच्या टाचा तुडवत येतात.
माझी जीभ पहिल्याच ओळीत ठेचकाळते.
दुसरीतल्या तोवाची नाही.

तोवाला सातचा पाढा येत नाही.
सात आठे म्हटलं की तो छताकडे बघतो,
जणू उत्तर मी तिथे टांगून ठेवलंय.
शेवटी बाईंनी त्याच गाण्याच्या चालीवर पाढा म्हणायला लावला.
छप्पन्न आपोआप आलं,
मागोमाग त्रेसष्ट,
आणि मग थांबताच येईना म्हणून
"तुझ्याविना हे शहर काचेचं!"

गाण्यात कुणीतरी पहाटे तीनला
प्लॅटफॉर्मवर एकटं उभं आहे.
आमच्या गावाची शेवटची गाडी आठ सत्तावीसची,
दोन डब्यांची.
तोवा नऊला झोपतो.
तरी डोळे मिटून असा गातो
की वाटावं, तीनदा तरी मोडलंय याचं काळीज.
मी एकदा हसलो त्याला.
मग आठवलं, त्याच्या वयाचा होतो तेव्हा
मी गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसून
एका खलाशाच्या बायकोचा विरह आळवायचो.
खलाशी मी पाहिलेले नव्हते. बायको तर नाहीच.

मंगळवारी पेटी उपडी केली
तर त्यात एक चिठ्ठी निराळी.
"आज गाणं नको."
खाली नाव, नीट, खोडून पुन्हा लिहिलेलं:
इबुकी, चौथी.
सप्टेंबरात आलेला मुलगा.
'का आवडतं' ही चौकट कोरी.

चौघांची समिती बसली.
एक म्हणाला, ही मागणीच नव्हे.
सुझुनो म्हणाली, पेटीत पडली ना?
मग मागणीच.
मी कोपऱ्यात फ्यूज तपासत होतो.
फ्यूजला काही झालेलं नव्हतं.

बुधवार.
"आजचं जेवण: भात, भाजलेला बांगडा, दूध.
आजचं गाणं: नाही."
आणि तिनं माइक बंद केला नाही.
चार मिनिटं वीस सेकंद,
त्या गाण्याच्या बरोबर लांबीएवढी
खोलीतली शांतता स्पीकरमधून येत राहिली:
खुर्चीची करकर,
कुणाचं तरी दाबलेलं शिंकणं,
खिडकीबाहेर छपरावरून बर्फ घसरल्याचा धप्प.

आधी कुजबुज झाली. मग तीही विरली.
दुसऱ्या मिनिटाला खालच्या मजल्यावर
कुणीतरी दुधाच्या बाटलीवर काडी वाजवली,
टिक, टिक-टिक, टिक,
आणि जिन्यावरून ती चाल वर आली,
शब्दांशिवाय, नुसती नाकातून,
नियम मोडल्यासारखी नाही, गळल्यासारखी.

मी शिडी धरून चौथीच्या दारात उभा.
इबुकी बांगड्याचे काटे काढत होता,
एकेक, ताटलीच्या कडेला ओळीनं.
ओठ हलत होते.
गात होता की चावत होता, नाही सांगता येणार.
काटे मात्र
ठेक्यावर पडत होते.

गुरुवारी गाणं परत आलं.
चिठ्ठ्या चोपन्न. त्याची नव्हती.
मी कुणाला काही विचारलं नाही,
ती चौकट भरणं माझं काम नव्हे.

काल फाटकापाशी बर्फ ओढताना
फावड्यागणिक माझ्याच तोंडून निघालं,
तुझ्याविना हे शहर काचेचं.
शहर कुठलं इथे!
आणि काच म्हणाल
तर ती शाळेचीच,
एकशे बारा तावदानं,
शनिवारी मीच पुसतो.